घोडं कुठं पेंड खातंय?

मैत्रिणींनो, तुमच्या घरातलं लेकरू पॉलिटेक्निकला किंवा इंजिनिअरिंगला असेल, तर शेवटच्या वर्षाची त्याची प्रोजेक्टची फाईल एकदा उघडून बघा. पहिल्या काही पानांत एक तक्ता हमखास सापडेल. डावीकडे कामांची यादी, वरच्या बाजूला आठवडे आणि मधे आडव्या पट्ट्या. एक संपली की दुसरी जरा उजवीकडे सरकून सुरू, जिन्याच्या पायऱ्या उतरत गेल्यासारख्या. खाली लिहिलेलं असतं, गँट चार्ट. नांदेडला विष्णुपुरीचं श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय घ्या, नाहीतर लातूरचं पूरणमल लाहोटी तंत्रनिकेतन घ्या, प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांची या तक्त्याशी कुठं ना कुठं गाठ पडतेच. आणि खरं सांगायचं तर बरीच मुलं तो काढतात फाईल जमा करायच्या आदल्या रात्री. काम संपल्यावर कामाचं वेळापत्रक! वरात घरी आल्यावर मुहूर्त बघावा तसं.

मुलांचा तरी काय दोष? तक्ता कसा काढायचा ते त्यांना दाखवलेलं असतं. कशासाठी काढायचा, हे सहसा कुणी सांगत नाही. आमच्या बचत गटाच्या खोलीत रविवारी काही मुली जमतात. कुणी अकरावी-बारावीच्या, कुणी डिप्लोमाच्या. मी कला शाखेची, यंत्रातलं मला काही कळत नाही. पण त्यांच्यातल्या एकीला गँट म्हणजे एखादं इंग्रजी मोजमाप वाटत होतं आणि दुसरीला कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर. हे एका माणसाचं आडनाव आहे, तो माणूस आधी शाळामास्तर होता आणि त्याला जाऊन शंभरावर वर्षं झाली, हे ऐकून त्या चकितच झाल्या. म्हणून आज त्याच मास्तरांची गोष्ट.

हेन्री लॉरेन्स गँट यांचा जन्म २० मे १८६१चा, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातला. घरची मोठी शेती आणि त्या शेतीवर राबणारे गुलाम. हेन्री जन्मला त्याच्या महिनाभर आधीच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. चार वर्षांनी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली आणि गँट कुटुंबाची श्रीमंतीही गेली. फुकटच्या घामावर उभं राहिलेलं वैभव गेलं याचं मला तरी वाईट वाटत नाही. पण घरातल्या लहान लेकराच्या वाट्याला मात्र गरिबी आली. ज्या घरात दुसऱ्यांकडून काम करवून घ्यायची सवय होती, त्या घरातल्या मुलावर स्वतः काम करायची वेळ आली.

बाल्टिमोर शहराजवळ १८७३ मध्ये मॅकडोनाह नावाची शाळा निघाली. गरीब मुलांसाठी, राहण्याजेवणाच्या सोयीसकट. हेन्री तिथल्या पहिल्यावहिल्या मुलांपैकी एक. शाळेची स्वतःची शेती होती आणि मुलांनी शिकायचं तसं शेतातही राबायचं, अशी रीत होती. आपल्याला हे नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका ही वाट आपल्याकडे घालून दिली, त्यांची रयत शिक्षण संस्था १९१९ची. योगायोग असा, की गँट वारले तेही १९१९ सालीच.

१८७८ मध्ये हेन्री शाळेतून बाहेर पडला आणि १८८० मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा पदवीधर झाला. हुशार मुलगा होता, मोठ्या शहरात कुठंही नोकरी मिळाली असती. तो परत गेला आपल्याच शाळेत, शिक्षक म्हणून. विज्ञान आणि यंत्रशास्त्र शिकवायला. मग इंजिनिअरिंगची पदवी घेतली ती १८८४ मध्ये, न्यू जर्सीच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून. काही दिवस नकाशे काढायची नोकरी केली आणि पुन्हा एकदा शाळेत येऊन शिकवलं. त्यांच्या चरित्रातली ही वर्षं लोक भराभर ओलांडून जातात, पुढच्या कारखान्यांच्या गोष्टी मोठ्या ना! मला मात्र वाटतं, पुढचं सगळं या मास्तरकीतूनच आलं. ज्यानं वर्गात उभं राहून शिकवलंय, त्याला एक गोष्ट पक्की कळलेली असते. अख्ख्या वर्गाला गणित येत नसेल तर दोष मुलांच्या डोक्यात नाही, फळ्याजवळ शोधायला पाहिजे.

१८८७ मध्ये गँट फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टील या पोलाद कारखान्यात लागले. तिथं त्यांना भेटले फ्रेडरिक टेलर. हातात घड्याळ घेऊन कामगाराच्या एकेका हालचालीला किती सेकंद लागतात ते मोजणारा हा माणूस. काम करायची उत्तम पद्धत शोधायची आणि सगळ्यांकडून तशीच करून घ्यायची, हा टेलर यांचा ध्यास होता. गँट त्यांचे सहायक झाले, पुढं बेथलेहेम स्टीलमध्येही दोघं बरोबर होते. गुरुशिष्यच म्हणा. पण मजुरीच्या बाबतीत शिष्याची वाट वेगळी झाली. टेलर यांच्या हिशेबात ठरवलेलं काम पुरं केलं नाही, तर नगामागचा दरच कमी मिळायचा. म्हणजे एक तर काम कमी, त्यात दरही कमी. शिकाऊ माणूस मरायचाच!

गँट यांनी १९०१ मध्ये वेगळा हिशेब मांडला. रोजाची मजुरी कुणाचीही कापायची नाही. ठरलेलं काम पुरं झालं तर वर बक्षीस, ज्याला आपण बोनस म्हणतो. आणि त्याला आणखी एक जोड होती, ती मला फार आवडते. ज्या मुकादमाच्या हाताखालचे कामगार बोनस मिळवतील, त्या मुकादमालाही प्रत्येकामागे काही बक्षीस. आणि सगळेच्या सगळे कामगार बोनस मिळवू लागले, तर त्याला आणखी वाढीव. याचा अर्थ लक्षात आला का? चलाख कामगार तर आपला आपण पुढं जातोच. मुकादमाचं बक्षीस अडणार ते मागं राहिलेल्यांवर. मग तो त्यांच्यावर ओरडेल, का त्यांच्याजवळ बसून हात धरून शिकवेल? हाकणारा मुकादम शिकवणारा व्हावा, ही ती युक्ती. १९०८ मध्ये इंजिनिअरांच्या सभेत त्यांनी जो निबंध वाचला, त्याचा विषयच कामगारांना शिकवून तयार करणं हा होता. कारखान्यात जाऊनही मास्तर काही सुटले नव्हते.

आता येते तक्त्यांची गोष्ट. १९०३ मध्ये त्यांनी रोजच्या कामाचा हिशेब चित्रासारखा मांडायची पद्धत इंजिनिअरांपुढं ठेवली. तोवर कारखान्याचे हिशेब असायचे आकड्यांच्या लांबलचक वह्यांत. आठवडा संपल्यावर कारकून बेरजा करणार, त्या साहेबाकडं जाणार, तोवर जे बिघडायचं ते बिघडून गेलेलं असायचं. गँट म्हणत, काम कागदावर असं दिसलं पाहिजे की नुसती नजर टाकली तरी कळावं. कामगारांच्या बोनसचे तक्ते त्यांनी केले, त्यात प्रत्येकाच्या नावापुढं रोजचा एक चौकोन. काम पुरं झालं तर एका रंगाचा, नाही झालं तर दुसऱ्या रंगाचा. पुढं त्या चौकोनांच्या रेघा झाल्या. ठरवलेलं काम दाखवायला एक जागा आखलेली आणि खरंच झालेलं काम दाखवायला तिच्यातच एक रेघ. जाड रेघ आजच्या तारखेच्या खुणेपर्यंत पोचली तर काम वेळेवर. अलीकडं थांबली तर काम मागं. बस्स, एवढंच! पट्टी, पेन्सिल आणि कागद. अंगठेबहाद्दरालाही वाचता येईल असं.

पण या तक्त्यातली खरी मेख अजून पुढंच आहे आणि प्रोजेक्टच्या फायलींत नेमकी तीच गळालेली असते. रेघ कुठं अडली, तर ती का अडली याचं कारण तिथंच एका अक्षरानं लिहायचं. माल आला नाही, यंत्र दुरुस्तीला आहे, हत्यार धड नाही, काय करायचं ते कुणी सांगितलं नाही, माणूस नवखा आहे, माणूस आला नाही. अशा एकेका कारणाला एकेक अक्षर. महिनाभर असा तक्ता भरला की कारखान्याचं पितळ उघडं पडायचं. कामगार आळशी असं समजून जिथं दंड बसायचे, तिथं दिसायचं की निम्मा वेळ त्याच्या हातात मालच नव्हता! माल वेळेवर आणून देणं कामगाराचं काम नाही, वरच्यांचं आहे. आपल्याकडं म्हणतात ना, घोडं कुठं पेंड खातंय ते बघा. गँट यांचा तक्ता म्हणजे ते बघायचा चष्मा. आणि बऱ्याच वेळा घोडं पेंड खाताना सापडायचं ते साहेबाच्याच तबेल्यात.

मुलींना हे शिकवायचं तर पोलाद कारखाना काय कामाचा? आम्ही कुरडया घेतल्या. हसू नका, यापेक्षा चांगलं उदाहरण मला इंजिनिअरिंगच्या पुस्तकातही सापडलं नाही. गटाला उन्हाळ्यात कुरडयांची ऑर्डर असते. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदाचा ताव भिंतीला लावला, वर दिवस लिहिले, डावीकडं कामं. गहू आणणं, निवडणं. मग तीन दिवस भिजत घालणं, रोज पाणी बदलणं. चौथ्या दिवशी वाटून चीक काढणं, रात्रभर तो निवळू देणं. पाचव्या दिवशी पहाटे चीक शिजवून सोऱ्यानं घालणं. पुढं दोन-तीन दिवस ऊन. मग डबे, पिशव्या, वजन, पोचवणं.

आता बघा, यातून मुलींना काय काय दिसलं. गहू भिजायची तीन दिवसांची रेघ कुणीही कमी करू शकत नाही, कलेक्टर आले तरी नाही. पण ती रेघ चालू असताना आपले हात रिकामे असतात, तेव्हा पिशव्या आणि चिठ्ठ्यांचं काम शेजारच्या रेघेवर उरकून घेता येतं. चीक शिजवायच्या दिवशी चार जणी लागतात, त्याच दिवशी दुसऱ्या कुठल्या कामाची रेघ ठेवायची नाही. आभाळ आलं तर वाळवणाची रेघ लांबणार, म्हणून पोचवायची तारीख देतानाच दोन दिवस हातचे ठेवायचे. डिप्लोमाच्या मुलीनं सांगितलं, की त्यांच्या पुस्तकात यालाच अवघड नावं आहेत. कुठलं काम कुणावर अवलंबून, कुठली रेघ ताणली की अख्खी तारीख पुढं जाते, हे सगळं. १९५७-५८च्या सुमारास अमेरिकेत सीपीएम आणि पर्ट नावाच्या पद्धती निघाल्या त्या यासाठीच. कारण गँट यांच्या नुसत्या रेघांत एक उणीव होती. एका कामाचा धागा दुसऱ्याला कुठं बांधलाय ते त्यात नीट दिसत नाही. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टीपासून पट्टीकडं जाणारे बाण असतात, ती नंतरची भर. आम्ही ते बाण उरलेल्या लोकरीच्या धाग्यांनी लावले.

मग मुलींनी आपल्या अभ्यासाचा तक्ता केला. कारणांची अक्षरंही ठरवली. ‘पु’ म्हणजे पुस्तक नाही, ‘स’ म्हणजे समजलं नाही, ‘आ’ म्हणजे आजारी. दोन आठवड्यांत त्यांनी आपल्या मनानं आणखी दोन अक्षरं घातली, ‘घ’ म्हणजे घरकाम आणि ‘पा’ म्हणजे पाणी. एका मुलीची अभ्यासाची रेघ ठरावीक दिवसांनी तुटलेली, तुटली की तिथं ‘पा’. नळाला पाणी यायचं त्या दिवशी भरायला तीच, कारण भावाचा क्लास. तिच्या आईनं तो कागद बघितला. बाई शाळा शिकलेल्या नाहीत, पण रेघ त्यांना वाचता आली. त्यांनी काही भाषण केलं नाही. पुढच्या कागदावर पाण्याच्या दिवशी दोन रेघा होत्या, एक बहिणीची आणि एक भावाची. अजून भावाची रेघ मधूनमधून तुटते म्हणा! पण निदान आता ती कागदावर आहे.

हाच तक्ता उलटाही वापरता येतो, हे सांगायला हवं. बाहेरगावची मुलगी शिकायला ठेवलेल्या एका खासगी वसतिगृहात मी गेले होते. भिंतीवर छापील वेळापत्रक, पहाटे साडेचार ते रात्री अकरा. एकही रकाना रिकामा नाही. चुकलेल्या तासाला लाल फुली आणि फुल्या मोजून आठवड्याला घरी फोन. कारणाचा रकाना कुठंच नव्हता. ताप असो, पाळी असो, न समजलेला धडा असो, फुली ती फुलीच. ते वेळापत्रकही दिसायला गँट यांच्या तक्त्यासारखंच होतं, आडवे रकाने, उभे रकाने. पण त्यात मास्तर नव्हता, नुसता हाकणारा मुकादम होता. आईबापांनी वसतिगृह बघायला जाताना गाद्या आणि जेवण बघतात तसा हा कागदही बघावा.

आता परत गँट यांच्याकडं. १९०२ पासून ते स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करू लागले. पोलाद, यंत्रं, कापड, कितीतरी कारखान्यांत गेले. १९१० मध्ये त्यांचं काम, मजुरी आणि नफा या विषयावरचं पुस्तक आलं. मालकांना झोंबेल असा एक मुद्दाही त्यांनी १९१५च्या सुमारास मांडला. कारखान्यातलं यंत्र रिकामं पडून राहिलं तर त्याचा खर्च मालाच्या किमतीत घालून गिऱ्हाइकाच्या माथी मारायचा नाही. ते यंत्र रिकामं का राहिलं, याचा जाब व्यवस्थापनाला विचारायचा. आपल्या भाषेत सांगायचं, तर स्वयंपाकीण बसून राहिली म्हणून पंगतीतल्या पाहुण्याकडून जास्त पैसे घ्यायचे नाहीत. तिच्यापुढं भाजी का आली नाही ते आधी बघायचं.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि गँट सरकारी कामाला लागले. दारूगोळ्याचं खातं, मग जहाजांचं. गोंधळ असा, की प्रत्येक खातं मोठमोठे आकडे सांगायचं. इतक्या तोफगोळ्यांची ऑर्डर दिली, इतके लाख काडतुसं झाली. आकडे खरेच असायचे. पण गँट यांचा प्रश्न वेगळा होता, कधी? काडतुसं तयार आहेत आणि बंदुका चार महिन्यांनी येणार असतील, तर त्या काडतुसांचं करायचं काय? किती हा प्रश्न सोडून कधी हा प्रश्न धरायचा, हीच त्यांच्या तक्त्याची खरी चावी. वरच्या ओळीत दिवस लिहिलेले असतात ते त्यासाठी. जहाज बांधण्याच्या कामात आणि बंदरात जहाजं माल भरायला-उतरवायला किती दिवस अडकून पडतात ते शोधण्यात हे तक्ते फार उपयोगी पडले.

हे युद्धाचं उदाहरण मुलींना लांबचं वाटलं, म्हणून आम्ही आपल्या घरचं घेतलं. २०१६चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, जलदूत एक्स्प्रेस. पहिली गाडी १२ एप्रिलच्या पहाटे लातुरात पोचली, दहा वाघिणी, पाच लाखांच्या आसपास लिटर पाणी. पुढं पन्नास वाघिणींची गाडी आली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. बातमीत आपण आकडे वाचले. मुलींना मी सांगितलं, आता याचा तक्ता काढा. राजस्थानात कोट्याला वाघिणी वाफेनं धुऊन घेणं. मिरजेला स्टेशनपर्यंत पाण्याचा नळ टाकणं. वाघिणी भरणं. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. इकडं लातूरला पाणी उतरवून घ्यायची सोय, मग विहिरीत, मग शुद्धीकरणाला, मग टँकर, मग गल्ली, मग घागर. मुली लिहीत गेल्या आणि लक्षात आलं की पाणी लातुरात आलं तरी तक्ता संपत नाही. शेवटच्या रेघेवर डोक्यावर हंडा घेऊन बाईच उभी आहे. ती रांगेत किती वेळ उभी राहिली, ही रेघ कुठल्या सरकारी कागदावर होती का, असं एकीनं विचारलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिनं ती रेघ काढली मात्र.

असं एक काम आपल्या भागात त्याआधी झालंय. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या घरात माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवायची आणि इतर शेकडो गावांतली तडकलेली घरं दुरुस्त करायची, एवढं मोठं काम. जागा, आखणी, पाया, भिंती, छत, पाणी, वीज, ताबा, प्रत्येक गावाच्या या रेघा. इंजिनिअरांकडं त्यांचे तक्ते होतेच. पण दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून घेतलं गेलं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यात मोठा वाटा उचलला. घरोघरी जाऊन कुणाला काय मिळायचं ते सांगायचं, बांधकाम कसं भक्कम होईल ते समजावायचं, गावची अडचण साहेबांच्या कानावर घालायची. म्हणजे कारणाचं अक्षर भरायचं काम बायकांनी केलं. वर बसलेल्याला रेघ थांबलेली दिसते. का थांबली, ते दारात उभ्या असलेल्या बाईलाच माहीत असतं.

शेवटच्या वर्षांत गँट यांचे विचार बरेच पुढं गेले होते. धंदा हा समाजाची सेवा करण्यासाठी आहे, नुसता नफा ओढण्यासाठी नाही, असं ते उघड लिहू लागले. कारखाना पैसेवाल्यांच्या हाती असण्यापेक्षा काम जाणणाऱ्यांच्या हाती असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मालकवर्गाला हे रुचणारं नव्हतं. १९१९ मध्ये त्यांचं शेवटचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला, थोड्याशा आजारानं, ते गेले. वय अठ्ठावन्न.

तक्त्याचं पेटंट त्यांनी घेतलेलं नव्हतं. घेतलं असतं तर घराण्याची गेलेली श्रीमंती कदाचित परत आली असती! त्यांचे सहकारी वॉलेस क्लार्क यांनी १९२२ मध्ये या तक्त्यावर पुस्तक लिहिलं, कारणांच्या त्या अक्षरांसकट. मग तो जगभर गेला. पोलाकोव्ह नावाच्या दुसऱ्या सहकाऱ्यानं तो १९२९ नंतर रशियात नेला, तिथल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या दिवसांत. आणखी एक गोष्ट न्यायाला धरून सांगायला पाहिजे. पोलंडचे कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ मध्येच असाच तक्ता तयार केला होता. पण त्यांचं लिखाण पोलिश आणि रशियन भाषेत, बाहेर कुणी वाचलं नाही. नाव झालं ते गँट यांचं. इंग्रजीत न लिहिणाऱ्यांचं असं होतं, आपण मराठीवाल्यांना ते काय वेगळं सांगायचं?

गँट यांच्या नावानं अमेरिकेत १९२९ पासून एक पदक देतात. पहिलं त्यांनाच, मरणोत्तर. १९४४ मध्ये ते मिळालं लिलियन गिलब्रेथ यांना, त्यांच्या दिवंगत पतीबरोबर. या बाई इंजिनिअरिंगच्या जगातल्या, बारा लेकरांच्या आई. १९२४ मध्ये नवरा अचानक गेल्यावर कारखानदारांनी त्यांना एकट्या बाई म्हणून काम देणं बंद केलं. तेव्हा त्यांनी आपलं सगळं ज्ञान स्वयंपाकघराकडं वळवलं. ओटा किती उंच हवा, चूल आणि पाण्यामध्ये किती पावलं पडतात, ते मोजलं. पायानं उघडायचा कचऱ्याचा डबा आणि फ्रीजच्या दारातले कप्पे हे त्यांच्याच नावावर सांगितले जातात. त्यांच्याबद्दल इथं चार ओळींत लिहिणं म्हणजे अन्याय होईल. पुढच्या खेपेला त्यांच्यावरच लिहिते. तोवर तुमच्या ओट्यापासून पाण्याच्या माठापर्यंत दिवसातून किती फेऱ्या होतात, तेवढ्या मोजून ठेवा.